फ्लॅट विकायचाय, सोसायटी एनओसीसाठी (ना-हरकत पत्रासाठी) लाख रुपये मागते. द्यावेत की भांडावं?

कृष्णाकाठचा
सांगलीत गावभागात आईच्या नावावर फ्लॅट आहे. वडील गेल्यावर तिला पुण्याला आणलं, म्हणून विकायला काढला. गिऱ्हाईक मिरजेचं, विसार झालाय, बाकी रक्कम बँकेच्या कर्जातून. आता चेअरमनकाका म्हणतात, एनओसी पाहिजे तर बिल्डिंग फंडाला एक लाख द्या. पावती मागितली तर म्हणे, "पावती कसली? सगळेच देतात."

माझं मत सरळ आहे, द्यायचे नाहीत. आदर्श उपविधी (सोसायट्यांची नमुना नियमावली) ३८ प्रमाणे हस्तांतराला सोसायटीच्या एनओसीची गरजच नाही. १५ दिवस आधी नोटीस द्यायची, ट्रान्सफर फी ५०० रुपये आणि सर्वसाधारण सभेनं ठरवलेलं प्रीमियम, म्हणजे हस्तांतराची जादा रक्कम. तेही महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर नाही, २००१ चं परिपत्रक आहे. काय म्हणता?

माजी सेक्रेटरी
उपविधी पाठ आहेत, आनंद आहे. वर्गणीच्या वेळी कुठं होता? २०१९ च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये गळ्याएवढं पाणी. भिंतीवरची गाळाची रेघ दोनदा रंग मारूनही दिसते. मोटर गेली, मीटर उचलून जिन्यात घ्यावे लागले. बाहेरगावचे मालक फोनवर सांगायचे, "आमचा दुसरा मजला, आमच्याकडं कुठं पाणी आलं?" असली माणसं फक्त फ्लॅट विकतानाच तावडीत सापडतात. तेव्हा नाही धरायचं तर कधी?

विश्रामबागकर
थकबाकी धरा की, कोण नको म्हणतंय? पण लाख ही थकबाकी नव्हे. थकबाकीसाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो.

माजी सेक्रेटरी
मिळतो. उपनिबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून बघा एकदा, किती दिवसांत मिळतो ते. बिनपगारी काम आहे आमचं.

कागदं बघणारी
भांडणाआधी एक बघा. ही खरंच सोसायटी आहे की अपार्टमेंट? आपल्याकडं दोन्हीला सोसायटीच म्हणतात. बिल्डरनं १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र केलं असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतं आणि हा ३८ नंबर तिथं लागूच नाही. शिवाय त्यात सामाईक खर्चाची जुनी बाकी विकणारा आणि घेणारा दोघांच्याही बोकांडी बसते. म्हणून गिऱ्हाईकच बाकीचा दाखला मागतं.

कृष्णाकाठचा
सोसायटीच आहे. आईच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट आहे, एका कोपऱ्याला कसर लागलीय, पण शिक्का शाबूत आहे.

हप्तेवाली
कायद्याला एनओसी नको असेल, बँकेला हवी असते. माझ्या वेळी बँकेनं सोसायटीच्या पत्राशिवाय फाइल पुढं सरकवली नव्हती. तुम्ही भांडण जिंकाल आणि विसाराची मुदत संपून गिऱ्हाईक जाईल. थोडं देऊन मोकळं व्हा.

विश्रामबागकर
थोडं म्हणजे किती? आज तुम्ही लाख दिलात की पुढच्याला दीड सांगतील. उपविधीतच आहे, एनओसीसाठी अर्ज आला तर कमिटीनं महिन्याच्या आत विचार करायचा. लेखी अर्ज द्या, प्रीमियम चेकनं द्या आणि सभेचा ठराव दाखवा म्हणा. लाखाचा ठराव असायचा नाही.

कृष्णाकाठचा
रविवारी अर्ज घेऊन गेलो. काकांनी चहा पाजला, पोच दिली नाही. आज रजिस्टर पोस्टानं पाठवला. आणि सेक्रेटरीसाहेब, घरी येऊन वडिलांची फाइल उघडली. मेंटेनन्स सगळा भरलाय, पण पुराची साडेसहा हजारांची वर्गणी खरंच राहिलीय. वर वडिलांच्या अक्षरात "बघू" लिहिलंय. ती व्याजासकट भरतो. लाख देणार नाही.

माजी सेक्रेटरी
व्याज सरळव्याजानं लावा, २१ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. ती आधी भरा, पावती घ्या. पोच मी दिली असती.