चेंडूच्या मार्गाला ग्रीस नको
फिरत्या चाकाने चेंडू फेकणाऱ्या यंत्रात चेंडू अडकू नये म्हणून त्याच्या संपूर्ण मार्गाला ग्रीस लावावे, अशी एक सूचना आहे; ती मला पटत नाही. घर्षण कमी करायचे ते चेंडूला चाकापर्यंत नेणाऱ्या मार्गदर्शक पट्ट्यांवर आणि चाकाच्या आसाच्या बेअरिंगमध्ये. फिरत्या चाकाला मात्र चेंडू फेकण्यासाठी पकड लागतेच, आणि पट्टीवरचे ग्रीस चेंडूबरोबर चाकाच्या रबरापर्यंत पोहोचले की चाक नुसतेच घसरते व प्रत्येक फेक वेगळ्या अंतरावर पडते. शिवाय आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ बंद खोलीतही शिरते. लातूरच्या आमच्या कार्यशाळेत तीच धूळ ग्रीसमध्ये मिसळून पट्ट्या पॉलिश पेपरसारख्या घासत असल्याचे मी पाहिले आहे. म्हणून येथे कोरडा उपायच योग्य ठरतो: पट्ट्यांवर टेफ्लॉनची चिकटपट्टी लावावी (स्टीलवर टेफ्लॉनचा घर्षणांक साधारण ०.०५ ते ०.१ असतो) आणि बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले घ्यावे.

रचनेत खाली एकच चाक आणि वर स्थिर कमान असेल, तर दोन्हींकडे न घसरता लोळणाऱ्या चेंडूचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाच्या निम्माच राहतो, पण त्याला बॅकस्पिन (उलटी फिरकी) मिळते. ती फिरकी हवी असल्यास कमानीला टेफ्लॉन लावू नये.