मदत हवी आहे : आईबाबांना घेऊन माल्टा, राहायचं कुठे?

मनवा_के : आठवडाभर ऊन आणि समुद्र एवढंच हवंय. माल्टा ठरलंय, अडलंय ते हॉटेलवर. व्हॅलेटा, स्लीमा की मेलीहा? जिथे वाचावं तिथे वेगळंच लिहिलंय. बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी. आज रात्री बुकिंग करायचंच आहे, प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा : कधी जाताय? जुलै-ऑगस्टचं ऊन वयस्कर माणसांना सोसत नाही, एप्रिलमध्ये पाणी गार असतं. सप्टेंबरअखेर असेल तर डोळे मिटून जा, तेव्हा समुद्र छान कोमट असतो.

नाना_पेठ : व्हिसा आधी बघा. माल्टाला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा चालतो, त्याला ३०,००० युरोचा विमा लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

मनवा_के : नाना, आम्ही म्युनिकला राहतो. आईबाबा पुण्याहून इथे आलेच आहेत, व्हिसाचा प्रश्नच नाही. सप्टेंबरचा तिसरा आठवडा.

कोकणकन्या८२ : मग माल्टाच का? सायप्रसला जा. पाफोसचे किनारे, वर त्रोदोसचे डोंगर. आम्ही अजून त्याच आठवणी काढतो.

सह्यकडा : असं सुचवू नका हो! सायप्रस युरोपियन युनियनमध्ये असलं तरी अजून शेंगेनमध्ये नाही. काकाकाकूंचा व्हिसा सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच प्रवेशाचा, असेल तर परत जर्मनीत येणार कसे? मनवा, व्हिसा बघून घ्या.

कोकणकन्या८२ : बरं, मग क्रीट. ते ग्रीसमध्येच आहे, व्हिसाची अडचण नाही.

दर्यावर्दी : क्रीट केवढं लांबलचक! माल्टा बेट जेमतेम २७ किमी लांब, त्यामुळे रोज सामान हलवावं लागत नाही. व्हॅलेटा अतिशय देखणं, पण गल्ल्या चढउताराच्या, कित्येक तर पायऱ्यांच्याच. बंदरावरून वर बागेत जायला लिफ्ट आहे, ती नक्की वापरा. तिथे दुपारी बाराला तोफ डागतात. स्लीमाचा रस्ता समुद्राकाठी सपाट आहे, पण किनारा खडकाळ. बाबांना पाण्यात उतरायचंय का? तसं असेल तर मेलीहाचा आदिरा किनारा : वाळू, आणि बरंच आत गेलं तरी पाणी उथळ. मात्र मेलीहा गाव टेकडीवर आहे, हॉटेल खाली किनाऱ्याजवळच घ्या.

चित्रवेडा : व्हॅलेटातल्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या चर्चमधलं, इटालियन चित्रकार काराव्हाजोचं १६०८चं चित्र चुकवू नका. त्याने सही केलेलं हे एकच चित्र, तीही रंगवलेल्या रक्तात. त्याच्यासमोर मी कितीतरी वेळ उभा होतो.

नाना_पेठ : गाडी भाड्याने घ्या. डावीकडूनच चालवतात, आपल्यासारखं.

दर्यावर्दी : नको, रस्ते अरुंद आणि पार्किंगचे हाल. बस आहेत. शेजारच्या गोझो बेटाची फेरीबोट चिर्केव्वा बंदरातून पंचवीसेक मिनिटांत पोचवते, मेलीहाहून ती जवळ पडते.

मनवा_के : बाबांना पोहायचंय, हो! आईच्या जेवणाचं कुणीच सांगितलं नाही.

सुगरण_अनघा : पास्तिझ्झी, म्हणजे तिथल्या खुसखुशीत करंज्या, मिळतात, रिकोटा चीजच्या किंवा वाटाण्याच्या सारणाच्या. वरच्या पारीत चरबी आहे का, एवढं विचारून घ्या. शिवाय स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, एक वेळचा वरणभात घरी होईल.

मनवा_के : आदिराजवळ एक सापडलंय, तिसरा मजला. लिफ्टबद्दल काही लिहिलेलं नाही.

दर्यावर्दी : फोन करून विचारा, मगच पैसे भरा.