मदत हवी आहे: मारबतीच्या आवाजांवरची रचना लिंत्सच्या पुरस्कारासाठी पाठवायची आहे

नमस्कार. मी नागपूरला राहतो आणि गेली सहा वर्षे बाहेर ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांपासून संगणकावर रचना करतो. ऑस्ट्रियातील लिंत्स येथे १९८७ पासून दिल्या जाणाऱ्या प्री आर्स इलेक्ट्रॉनिका या पुरस्कारांतील डिजिटल संगीत आणि ध्वनिकला या विभागासाठी मला एक रचना पाठवायची आहे. तेथील पहिल्याच वर्षी संगणक-संगीतासाठी झाँ-क्लोद रिसे यांच्यासारख्या संशोधक संगीतकाराचा गौरव झाला आणि १९९९ मध्ये गोल्डन निका हा सर्वोच्च सन्मान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत करणारे एफेक्स ट्विन यांना मिळाला. प्रयोगशाळेपासून नृत्यसंगीतापर्यंतची ही व्याप्ती पाहूनच मला धीर आला. हा विभाग अलीकडे वर्षाआड येतो, म्हणून पाठवण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घेत आहे.

रचना बारा मिनिटांची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडेचे प्रतीक असलेला मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, हे विदर्भाबाहेरच्या सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते, तेव्हा संदल हे वाद्यपथक, ढोलताशे आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ही हाक यांचा मिळून जो एकच प्रचंड आवाज उठतो, तो मी दोन वर्षे ध्वनिमुद्रित केला. दुसरे साहित्य आमच्या गल्लीतील विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते. तिच्या प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा सूक्ष्म ताणला जातो, त्यामुळे त्याचा गुंजारव १०० हर्ट्झचा ऐकू येतो. हा स्वर पेटीवरील पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर, साधारण एकतृतीयांश अर्धस्वराच्या अंतरावर पडतो. मी तानपुरा त्याच स्वरावर लावला, आणि रोगराई, महागाई, इडापिडा शहराबाहेर नेण्याची ती हाक हळूहळू या गुंजारवात विरत जाते, अशी संपूर्ण रचनेची बांधणी आहे.

माझी पहिली अडचण सोबतच्या निवेदनाची आहे. मारबतीची माहिती सविस्तर लिहिली, तर परीक्षक हे भारतीय लोकसंगीताचे दस्तऐवजीकरण समजतील, अशी भीती वाटते. काहीच लिहिले नाही, तर त्या हाकेतला अर्थ पोहोचणार नाही. माझ्या मते ही रचना हाकेच्या अर्थाशिवायही उभी राहिली पाहिजे, तरीही तो अर्थ दडवणे मला अप्रामाणिक वाटते.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. रचना दोन चॅनेलची असून अनेकांनी मला आठ चॅनेलची आवृत्ती करण्यास सुचवले. परंतु माझ्याकडे आठ स्पीकर नाहीत आणि नागपुरात अशी मांडणी मला कोठेही सापडलेली नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत अधिक सतावते. सातव्या मिनिटाला एका वृद्ध गृहस्थांचा आवाज सुमारे चाळीस सेकंद अगदी स्पष्ट ऐकू येतो. जागनाथ बुधवारी या वस्तीत, मिरवणूक निघण्यापूर्वी, ते मारबतीला उद्देशून बोलत होते. मी त्यांची परवानगी घेतली नव्हती, आणि रचनेचा कणा मात्र तोच आवाज झाला आहे.

प्रतिसाद १

आपली रचना दोन चॅनेलची म्हणून घडली असेल, तर ती तशीच पाठवावी. जे आपण स्वतः ऐकलेले नाही ते आठ स्पीकरांवर पसरवू नये. १९७४ मध्ये पॅरिसला संगीतकार फ्रांस्वा बेल यांनी आकूस्मोनियम ही अनेक स्पीकरांची वाद्यवृंदासारखी मांडणी उभी केली, ती अशाच दोन चॅनेलच्या रचना सभागृहात हाताने फुलवून ऐकवण्यासाठी. निवेदनात ट्रान्सफॉर्मर आणि तानपुऱ्याचा संबंध आधी लिहावा आणि मारबत त्यानंतर दोन वाक्यांत यावी, म्हणजे वाचणारा प्रथम रचनाकाराचा निर्णय पाहील. हाकेचा अर्थ मात्र लिहावाच.

परवानगीबाबत पळवाट शोधू नये. पिवळी मारबत त्याच वस्तीत घडवली जाते, तेथील मंडळी आवाजावरून त्या गृहस्थांना ओळखतील. केवळ तेवढा तुकडा न ऐकवता त्यांना पूर्ण बारा मिनिटे ऐकवा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आठ चॅनेलचा विचार सोडून दिला आहे. येत्या रविवारी स्पीकर घेऊन बुधवारीत जातो. त्यांनी नकार दिला, तर सातवे मिनिट पुन्हा रचावे लागेल आणि त्या स्थितीत या वर्षी रचना पाठवणार नाही.