लोशनच्या बाटलीचा पंप: भागांना मराठीत काय म्हणायचं?

वेर्णेकर:
आमच्या कारखान्यात हँडवॉश भरायच्या लाइनवर पंपाच्या भागांचा फलक लावायचाय. कामगार बहुतेक सिंधुदुर्गातले, मराठी वाचणारे. आराखड्यात अ‍ॅक्च्युएटर, क्लोजर, हाउसिंग, डिप ट्यूब असं आहे. ऑफिसातून 'कार्यान्वयक', 'निमज्जन नलिका' असं भाषांतर आलंय. ते कोण वाचणार? बरे शब्द सुचवा.

फोंड्याचा फिटर:
निमज्जन नलिकेचं अनंत चतुर्दशीला बघू, तूर्तास नुसती 'नळी' लिहा. दांडा, दट्ट्या, वायसर, स्प्रिंग हे हातपंपवाल्यांचे शब्द इथे जसेच्या तसे चालतात. हाउसिंग म्हणजे नळकांडं. क्लोजर म्हणजे आट्यांचं झाकण. नळीचं खालचं टोक तिरकं कापलेलं असतं, तेही चित्रात दाखवा. सरळ कापलेली नळी बुडाला टेकली की तोंड बंद होतं आणि पंप ओढत नाही.

कुळागरवाली:
आणि आतली गोळी? नळकांड्याच्या तळाशी काचेची किंवा स्टीलची बारकी गोळी असते, सगळी गंमत तिच्यात आहे. वरून दाबलं की गोळी भोकावर घट्ट बसते, लोशनला परत नळीत उतरता येत नाही, ते दांड्यातून वर तोटीला येतं. हात काढला की स्प्रिंग दट्ट्याला वर रेटते, खाली पोकळी होते, गोळी उचलली जाते आणि नवं लोशन आत येतं. विहिरीवरच्या मोटरीच्या फूट व्हॉल्व्हचं काम हेच. त्याला शेतकरी 'फुटबॉल' म्हणतात आणि दुकानदार निमूट तोच काढून देतो! इथे तर खरोखरचा बॉल आहे. तरी फलकावर 'झडपेची गोळी' लिहा. नुसतं 'झडप' लिहिलंत तर माणूस पाकळीसारखं काहीतरी शोधत बसेल.

वेर्णेकर:
पटलं. अ‍ॅक्च्युएटरला 'तोटी' चालेल?

फोंड्याचा फिटर:
तोटी म्हणजे लोशन बाहेर पडतं ती चोच. दाबायचा अख्खा भाग म्हणजे मुंडी. 'मुंडी फिरवून लॉक उघडा' हे कुणालाही कळतं.

कुळागरवाली:
मुंडी दाबा म्हणजे कोंबडी कापल्यासारखं वाटतं. 'डोकं' बरं.

फोंड्याचा फिटर:
वर्कशॉपात मुंडीच म्हणतात, बाई.

मडगावचा स्टोअरकीपर:
28/410 मात्र तसंच ठेवा, शब्दांत उलगडायला जाऊ नका. 28 म्हणजे बाटलीच्या मानेचा मिलिमीटरमधला व्यास, 410 हा आट्यांचा प्रकार, साधारण दीड वेढ्याचा. खोक्यावर जे छापलंय तेच फलकावर दिसलं पाहिजे, नाहीतर 24 चे पंप 28 च्या बाटल्यांसमोर येऊन पडतील.

वेर्णेकर:
मुंडी ठेवतो, लाइनवर तेच ऐकू येतं. एकच राहिलं: नवीन पंप सुरुवातीला काही वेळा रिकामाच दाबावा लागतो, ते प्राइमिंग.

कुळागरवाली:
मोटर हवा धरते तेव्हा आपण काय करतो? हवा काढतो. तेच लिहा.