वर्गणी काढून जंगल विकत घ्यायचं?

पायवाट:
गेल्या आठवड्यात 'हिरवाई' यांनी इथे एक प्रस्ताव टाकला होता. थोडक्यात असा: मुंबईतल्या दोन लाख लोकांनी प्रत्येकी पाच हजार काढले की शंभर कोटी होतात. त्यातून कर्जत-मुरबाडकडचे डोंगर विकत घ्यायचे, ट्रस्टच्या नावावर करायचे, कुंपण घालायचं आणि जंगल वाढू द्यायचं. सोबत एजंटने पाठवलेला एका टेकडीचा फोटो आणि गट नंबर. खाली टाळ्याच टाळ्या. मी गप्प बसणार होतो, पण त्यात एक वाक्य होतं: "गावकरी नाहीतरी विकतातच, मग बिल्डरऐवजी आपण घेऊ." त्या 'नाहीतरी'ने डोक्यात तिडीक गेली.

आधी कायदा. हिरवाईताईंनी प्रस्तावात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा दाखला दिलाय. तिथे १८९१ पासून असे ट्रस्ट आहेत हे खरं. पण अमेरिकेत जमीन विकत न घेताही मालकाशी कायमचा करार होतो. जमीन तुझीच, फक्त बांधकामाचा हक्क सोड. उद्या ती दुसऱ्याने घेतली तरी तोही बांधील. आपल्याकडचा १८८२ चा सुविधाधिकार (ईझमेंट) कायदा एका जमिनीच्या सोयीसाठी दुसऱ्या जमिनीवर हक्क देतो, बिबट्याच्या सोयीसाठी नाही. सरळ विकत घ्यायची म्हटलं तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं: शेतकरी नसाल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन नाही. खातेदार आदिवासी असेल तर परवानगीचा खेळ आणखी वेगळा. वर जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचं सीलिंग आहेच. मग वाट काय, तर शेतकरी दाखला असलेला एक विश्वस्त शोधा आणि त्याच्या नावावर घ्या. तो गेल्यावर त्याची मुलं वारस म्हणून नाव लावायला तलाठ्याकडे जातील तेव्हा तुमची दोन लाख माणसं कुठे असतील?

आता अनुभव. शहापूरकडे एका संस्थेसोबत मी तीन वर्षं शनिवार-रविवार घालवले. नाव घेत नाही, माणसं भली होती. अकरा एकरांना तारेचं कुंपण घातलं. पहिल्याच चैत्रात पहाटे पाड्यावरची एक बाई आली. टोपली तारेवरून आधी आत ठेवली, पदर खोचला आणि खालच्या तारेखालून सरपटत आत गेली. आत तीन मोह होते, तिच्या सासूच्या वेळेपासून ती तिथेच फुलं वेचत होती. आमच्या राखणदाराने हाकललं. दुसऱ्या वर्षी तार चार ठिकाणी तुटलेली. तिसऱ्या वर्षी वणवा लागला तेव्हा पाड्यावरून एक माणूस आला नाही. आम्ही पाच जण ओल्या फांद्या घेऊन झोडपत होतो आणि समोर पाड्यावर माणसं शांतपणे बसून बघत होती. त्यांचा मला राग आला नाही.

हिरवाई:
'नाहीतरी' मागे घेतलं. खूश? आता मूळ मुद्द्यावर या. आरेवर लोकांचं प्रेम कमी होतं का? ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. मी रस्त्यावर होते. पोलीस आत सोडत नव्हते, अंधारातून नुसता आवाज येत होता. सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला थांबवलं तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. का? मोर्चा आमचा आणि सातबारा सरकारचा, म्हणून. तुमच्या अकरा एकरांवरून एवढंच कळतं की तुमच्या संस्थेला काम जमलं नाही.

पायवाट:
आणि सातबारा ट्रस्टचा असता तर मेट्रोने वळसा घेतला असता? भूसंपादनाचा २०१३ चा कायदा ट्रस्ट बघून हात जोडत नाही. फार तर मोबदला मिळाला असता. त्या पैशांची झाडं कुठे लावणार होतात, टेरेसवर?

मुलुंड_पश्चिम:
सातबाऱ्याच्या भक्तांनो, जरा आमच्याकडे बघा. रीतसर कर्ज काढून फ्लॅट घेतला, सगळे कागद होते. मग एक दिवस कळलं की जमिनीच्या उताऱ्यावर इतर हक्कात 'खाजगी वन' अशी नोंद पडलीय. खाजगी वनं सरकारजमा करणारा कायदा १९७५ चा, त्याच्या मुळाशी १९५० च्या दशकातल्या नोटिसा, त्यावर पुढे काही कारवाईच झालेली नाही. आणि आमच्या पायाखाली तर फरशी. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१४ मध्ये रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. तोवर आईच्या आजारपणात घर विकायचं होतं ते विकता आलं नाही, गिऱ्हाईक उतारा बघून उठून जायचं. त्यामुळे कुणी 'जंगल वाचवू' म्हणालं की आमच्याकडे पहिला प्रश्न: कुणाच्या उताऱ्यावर?

उक्षी:
जरा अवांतर. जमीन मिळालीच तर त्यावर लावणार काय? कारण वर्गणी आली की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की मियावाकी येतं, म्हणजे थोड्या जागेत दाटीने रोपं लावायची जपानी पद्धत. आमच्या सोसायटीमागे शंभर चौरस मीटरमध्ये तीनशे रोपं कोंबली. कागदावर ताम्हण, करंज, बकुळ. प्रत्यक्षात मागच्या रांगेत कोनोकार्पस हे परदेशी झाड, जे लावायला गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. विचारलं तर म्हणे, "मॅडम, हिरवं दिसतंय ना?"

दोन_गुंठे:
आला का मियावाकीद्वेष! ठेकेदार चोर निघाला हा पद्धतीचा दोष कसा? चेंबूरला आमच्या पट्टीत आधी डेब्रिज होतं. मीटरभर खणलं, तूस-शेणखत मिसळलं, दोन वर्षं टँकरने पाणी घातलं. आज आत माणूस शिरत नाही इतकं दाट आहे. शिंजीर पक्षी घरटं करतो. तुम्ही काय केलंत, ते सांगा.

उक्षी:
डेब्रिजवर करा ना, कोण अडवतंय? मी डोंगराबद्दल बोलतेय. सह्याद्रीच्या माथ्यावर गवत असतं, कातळ असतो, मधे कारवी. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, तोवर लोकांना ते झुडूप म्हणजे 'पडीक जमीन' वाटते. मग जेसीबी लावून 'जंगल' करायचं. तिला शेणखत नको, टँकर नको, तुमचा सेल्फीसुद्धा नको.

दोन_गुंठे:
आठ वर्षांतून एकदा कारवीचे फोटो काढायला येऊरला जाणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

उक्षी:
येऊरच्या पायथ्याशी जन्मलेय, साहेब. कारवीच्या काठ्यांना शेण लिंपलेल्या कुडाच्या घरात. फोटो काढायला कॅमेरा नव्हता.

दोन_गुंठे:
बरं बाई, माफ करा. डोंगरावर नको, मान्य. पण शहरात मियावाकीच. आणि आमच्या शिंजिराला काही बोलायचं नाही.

उक्षी:
शिंजिराला बोलत नाही. तो बिचारा कुंडीतल्या जास्वंदीवरही येतो.

हिरवाई:
धागा जमिनीचा होता! रात्रभर वाचत बसले तेव्हा कळलं ते लिहिते, मग हसा. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात 'समुदाय राखीव क्षेत्र' आलं. गावाने किंवा मालकाने स्वतःहून पुढे यायचं, मालकी त्यांचीच राहते. एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणजे पुढच्या पिढीला सहजी बिल्डरकडे जाता येत नाही. वर्गणीतून जमीन घ्यायचीच नाही. होळीआधी वणवा अडवायला जाळरेषा काढायची मजुरी द्यायची, पाड्यावरच्याच दोघांना राखणदारीचा पगार द्यायचा. मोह ज्यांचे त्यांनीच वेचायचे. बोला पायवाट, आता कुठे खोट काढताय?

पायवाट:
खोट अशी की हेच आठ दिवसांपूर्वी लिहिलं असतंत तर माझी रविवारची झोप वाचली असती. चालेल. म्हणजे कागदावर तरी चालेल. ग्रामसभा बोलवणार कोण? तुम्ही, दादरहून व्हिडिओ कॉलवर?

हिरवाई:
कर्जत लोकल दादरला थांबते, काका.

पायवाट:
काका कुणाला म्हणताय? आणि मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला उतरून एसटी.

मुरबाडकर:
आठ दिवस वाचतोय, म्हटलं शहाण्यांचं आधी होऊ द्या. ताईंच्या मूळ फोटोतली टेकडी ओळखीची वाटली म्हणून सातबाऱ्याच्या सरकारी साइटवर, महाभूलेखवर, गट नंबर टाकला. गुरचरण निघालं. जमीन सरकारची, गावच्या गुरांसाठी. ती ना कुणी खातेदार विकू शकतो ना ग्रामपंचायत. फोटोत उजव्या बाजूला तीन काळे ठिपके दिसतायत ते खडक नाहीत, आमच्या मामाच्या म्हशी आहेत. ताई, एजंटला काही दिलंबिलं नाहीत ना?

हिरवाई:
टोकन. पंचवीस हजार.

मुरबाडकर:
पावती?

हिरवाई:
यूपीआय केलंय.

मुलुंड_पश्चिम:
ताई, व्यक्तिगत निरोप बघा. आमच्या वकिलांचा नंबर पाठवलाय.