प्रतिसाद: स्प्लेंडर चालवतो, स्वप्न एक्सपल्सचं

स्वप्नातल्या गाडीच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की १०० सीसीच्या दुचाकीला गाडी म्हणत नाहीत. भाऊ, एकदा पावसाळ्यात आमच्या लातूरकडच्या औसा तालुक्यात या. आमची काळी माती तुम्हाला गाडी म्हणजे काय ते शिकवते!

माझी स्प्लेंडर २०११ची, ९७.२ सीसी. दुधाचे कॅन, खताची गोणी, मागं आई, सगळं वाहिलंय. पण एक सर पडली की शेतरस्त्यावर टायर आणि पुढच्या मडगार्डमध्ये चिखल असा ठासून बसतो की चाक फिरतच नाही. मग उतरायचं, बांधावरची कापसाच्या पळाटीची काडी मोडायची आणि कोरत बसायचं. वीस पावलं गेलं की पुन्हा तेच. मागच्या वर्षी वैतागून पुढचा मडगार्डच काढून टाकला. चिखल थेट तोंडावर आला, बायको अजून हसते.

म्हणून स्वप्नातली गाडी हिरो एक्सपल्स २००. लोकांना तिचं ऑफरोडिंग दिसतं, मला दिसतो तो टायरपासून वीतभर वर असलेला मडगार्ड! शिवाय पुढं २१ इंची चाक आणि जमिनीपासून २२० मिमी उंची, म्हणजे चाकोरीतल्या मधल्या उंचवट्याला इंजिन घासायचं नाही. अडचण एकच, सीट उंच आणि मी पाच फूट चार इंच. लातूरच्या शोरूमला बसून पाहिली, नुसते चवडे टेकले.

साडेसहाशे सीसीवाल्यांनो, तुमच्या गाड्या देखण्या आहेत, पण दोनशे किलोचं धूड चिखलातून ढकलायला कोण येणार? सोयाबीनला बरा भाव लागला तर दिवाळीला बघू.