फुकटची १६० एकर जमीन सोडून लोक का गेले?

माळकरी (प्रश्न)
अमेरिकेत १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे राहून कसण्याच्या अटीवर १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळत असे. असे असताना नेब्रास्का आणि कॅन्सासच्या प्रेअरीत आलेली कितीतरी कुटुंबे मुदत पुरी होण्याआधीच का निघून गेली? शिवाय झाडे नसलेल्या त्या गवताळ मुलखात घर कशाचे बांधत आणि चूल कशावर पेटवत, हेही जाणकारांनी सांगावे.

जुनेदप्तर
घराचे सामान पायाखालीच होते. गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली जमीन नांगराने सुमारे फूटभर रुंद आणि चार इंच जाड पट्ट्यांत सोलून काढत, फावड्याने तिचे दोन-तीन फुटी तुकडे पाडत आणि गवताची बाजू खाली ठेवून ते विटांसारखे रचत. या जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब मिळे. मात्र छपरावरही तीच माती असल्यामुळे मोठा पाऊस बाहेर थांबला तरी आत गळत राही, आणि एरवी जेवणात माती पडू नये म्हणून छताखाली कापड ताणावे लागे. सॉलोमन बुचर याने १८८६पासून नेब्रास्कातील कस्टर काउंटीत अशा कुटुंबांची छायाचित्रे काढली. त्यांतील एका कुटुंबाने पायपेटी बाहेर आणवून तिच्याभोवती उभे राहून छायाचित्र काढवून घेतले, कारण आपले मातीचे घर नातलगांना दिसू नये अशी गृहिणीची इच्छा होती.

जळणाला बायसनचे वाळलेले शेण वेचत, म्हणजे न थापलेल्या गोवऱ्याच. बायसन संपल्यावर गुरांचे शेण, मक्याची बुरकुंडे आणि पीळ घातलेले गवत.

बांधावरचा
सोडून जाण्याबद्दल लिहितो. सरकारी शुल्क सगळे मिळून १८ डॉलरच्या आसपास होते, पण बैलजोडी, नांगर, विहीर आणि पहिले पीक येईपर्यंतचे धान्य ज्याचे त्याने पाहायचे होते. पहिल्या वर्षी उलथलेल्या ढेकळांत कुऱ्हाडीने चिरा पाडून मका टोकत, त्यात हाती फारसे लागत नसे. १८७४मध्ये टोळधाडीने उभी पिके फस्त केली. माझ्या मते खरी चूक कायद्याच्या हिशेबातच होती: पूर्वेकडच्या भरवशाच्या पावसाला १६० एकर पुरेसे, पण पश्चिमेकडे वर्षाला जेमतेम २० इंच किंवा त्याहूनही कमी पाऊस पडे, तिथे तेवढ्यावर कुटुंब तगणे कठीण. सरकारने हे फार उशिरा मान्य केले आणि १९०४च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कात ६४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली.

जुनेदप्तर
पटले. ‘सरकारी’ या शब्दाविषयी मात्र एक जोडतो: ही जमीन मूळ रहिवाशांकडून करार आणि दडपणाने घेतलेली होती. नेब्रास्कातील पॉनी लोकांना १८७०च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात जावे लागले, म्हणजे वसाहतकऱ्यांची घरे उभी राहत होती त्याच वर्षांत.